कूस बदलायला लागलेली चाळीस वर्षं

आपल्या मराठीत 'पालथा' या शब्दाला फारसा मान नाही. कितीही सांगितलं तरी ज्याच्या मनात काही उतरत नाही, त्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. एखादी वस्तू सापडेनाशी झाली की आपण सगळं घर पालथं घालतो. या शब्दाचं कौतुक होतं ते एकदाच, घरातलं तान्हं बाळ पहिल्यांदा पालथं पडतं तेव्हा. पण २०२१ सालच्या एप्रिल महिन्यात हाच शब्द एकाएकी घरोघरी पोचला. कोरोनाची दुसरी लाट होती. रुग्णालयांत खाटा मिळत नव्हत्या, ऑक्सिजनसाठी लोक वणवण करत होते. त्या दिवसांत केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं घरी असलेल्या रुग्णांसाठी एक सचित्र सूचनापत्रक काढलं. श्वासाला त्रास होऊ लागला आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा ९४ च्या खाली गेला, तर पालथं झोपा, असं त्यात म्हटलं होतं. एक उशी मानेखाली, एक किंवा दोन छातीपासून मांड्यांपर्यंत आणि दोन नडग्यांखाली.

पुष्कळांना वाटलं, हा आजीबाईच्या बटव्यातला उपाय दिसतो. हाती दुसरं काही उरलं नाही म्हणून सांगितलेला. प्रत्यक्षात तो आला होता मोठ्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतून, व्हेंटिलेटरवर असलेल्या अत्यवस्थ माणसांच्या उपचारांतून. तिथं तो १९७४ साली सुचवला गेला, १९७६ साली त्याचे पहिले अनुभव छापून आले आणि त्यानं जीव वाचतो हे सिद्ध झालं २०१३ साली. रुग्णाला उताणं न ठेवता पालथं ठेवायचं, एवढीच ती गोष्ट. त्यासाठी नवं औषध लागत नाही, नवं यंत्रही लागत नाही. मग चाळीस वर्षं का लागली? मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण हा प्रश्न मला वैद्यकाइतकाच माणसाच्या स्वभावाचा वाटतो, म्हणून आज तो तुमच्यापुढं मांडतो.

सुरुवात करावी लागेल ती कृत्रिम श्वासापासून. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन इथं पोलिओची भयंकर साथ आली. तिथल्या ब्लेगडॅम रुग्णालयात रोज नवे रुग्ण येत होते. ज्यांच्या गिळण्याच्या आणि श्वासाच्या स्नायूंवर आजारानं घाला घातला होता, अशा पहिल्या ३१ जणांपैकी २७ जण दगावले. श्वास चालवणारी यंत्रं रुग्णालयाकडं जेमतेम सात होती. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावण्यात आलं. शस्त्रक्रियेच्या वेळी आम्ही करतो तेच इथंही करून पाहू, असं त्यांचं म्हणणं. २७ ऑगस्ट रोजी त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली आणि रबरी पिशवी हातानं दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरली. मुलगी वाचली.

आता प्रश्न आला की इतक्या रुग्णांच्या पिशव्या दाबायच्या कुणी? त्यासाठी सुमारे १५०० विद्यार्थी पुढं आले, वैद्यकाचे आणि दंतवैद्यकाचे. ते पाळीपाळीनं रुग्णाच्या उशाशी बसत आणि पिशवी दाबत. रात्रंदिवस, कित्येक महिने. मृत्यूचं प्रमाण निम्म्यावर आलं. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी अशा रुग्णांसाठी वेगळा कक्ष उभा केला. जगातला पहिला अतिदक्षता विभाग म्हणून त्याचा उल्लेख होतो. म्हणजे आज ज्या जागेचं नाव काढलं की आपल्या डोळ्यांपुढं यंत्रं, तारा आणि चमकणारे आकडे येतात, तिची सुरुवात माणसांच्या हातांनी झाली होती. ही हातांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं ती पुन्हा येणार आहे.

लवकरच हातांची जागा यंत्रांनी घेतली. पण यंत्रांमुळं एक नवी अडचण उघडी पडली. पोलिओत फुप्फुसं शाबूत असत, दुबळे पडत ते स्नायू. काही रुग्णांत मात्र फुप्फुसंच निकामी होत होती. १९६७ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या अ‍ॅशबॉ, बिगेलो, पेटी आणि लेव्हिन या डॉक्टरांनी अशा १२ रुग्णांची हकीकत 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापली. कुणी अपघातात जखमी झालेला, कुणाला जंतुसंसर्ग, कुणाच्या स्वादुपिंडाला सूज. कारणं वेगवेगळी, अवस्था मात्र एकच. श्वास जोरजोरात चालू आहे, ऑक्सिजन दिला तरी रक्तात उतरत नाही आणि फुप्फुसं ताठ होत चालली आहेत. बारांपैकी सात जण वाचले नाहीत. या अवस्थेला पुढं 'एआरडीएस' हे नाव मिळालं. कोरोनाच्या काळात माणसं गेली त्यांतली पुष्कळ याच वाटेनं गेली.

या आजारात होतं काय? आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात, बारीक बारीक फुगेच म्हणा. त्यांच्या भिंतींमधून हवेतला प्राणवायू रक्तात उतरतो. एआरडीएसमध्ये या भिंती सुजतात, रक्तातलं पाणी झिरपून फुग्यांत येतं आणि पुष्कळसे फुगे मिटून जातात. व्हेंटिलेटर बाहेरून हवा ढकलत राहतो, पण तिला शिरायला जागा उरत नाही. जे थोडे फुगे उघडे असतात, त्यांच्यावरच सगळा भार पडतो.

हे सगळे रुग्ण खाटेवर उताणे असत. तसं कुणी विचार करून ठरवलेलं नव्हतं. तोंडात नळी, गळ्यात आणि हातात सुया, छातीला तारा. डॉक्टरला तपासायला आणि नर्सला पुसून घ्यायला माणूस उताणा असलेला बरा. निरोगी माणूस झोपेत रात्रभर कूस बदलत असतो. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला गुंगीचं औषध दिलेलं असतं, त्याला स्वतःहून बोटही हलवता येत नाही. दिवसचे दिवस तो पाठीवर पडून राहतो. जनावरांच्या डॉक्टरांना विचाराल तर ते सांगतील, भूल दिलेल्या घोड्याला पाठीवर निजवलं की त्याच्या रक्तातला प्राणवायू धोकादायक इतका खाली जाऊ शकतो. चार पायांवर चालणाऱ्या प्राण्याची छाती त्या स्थितीसाठी घडलेलीच नाही. आपण दोन पायांवर उभे राहिलो खरे, पण आपल्या छातीची घडणही उताणं पडून राहण्यासाठी झालेली नाही.

कॅनडातल्या टोरोंटो शहरातले डॉक्टर चार्ल्स ब्रायन यांनी १९७४ साली नेमकं हेच बोट ठेवून दाखवलं. अ‍ॅलिसन फ्रोझ यांच्याबरोबर त्यांनी श्वासपटलाच्या हालचालीचा अभ्यास केला होता. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा. माणूस स्वतः श्वास घेतो तेव्हा या पडद्याचा पाठीकडचा भाग जास्त हलतो. भूल देऊन स्नायू शिथिल केले आणि यंत्रानं हवा भरली, की पोटातल्या अवयवांचं ओझं पाठीकडच्या भागावर येतं. मग तो भाग दबून राहतो आणि हवा पुढच्या बाजूला जाते. असं असेल तर रुग्णाला पालथं करून पाहायला काय हरकत आहे, असं ब्रायन यांनी सुचवलं. मांडणी एखाद्या खोडकर वकिलानं मुद्दाम उलट बाजू मांडावी तशी होती, पण मुद्दा पक्का होता.

दोन वर्षांनी, १९७६ साली, अमेरिकेतल्या मार्गारेट पील आणि रॉबर्ट ब्राऊन यांनी पाच रुग्णांचा अनुभव छापला. त्यांच्याकडं एक विलक्षण खाट होती. दोन मोठ्या लोखंडी कड्यांमध्ये बसवलेली, विजेवर फिरणारी, जत्रेतल्या पाळण्याची आठवण यावी अशी. रुग्णाला दोन गाद्यांमध्ये नीट धरून चाक फिरवलं की उताणा माणूस पालथा. होमर स्ट्रायकर नावाच्या अस्थितज्ज्ञानं ही खाट काढली होती. ज्यांना जागचं हलता येत नाही अशांची कूस बदलण्यासाठी. पील आणि ब्राऊन यांना दिसलं की यंत्राची एकही कळ न फिरवता, केवळ पालथं केल्यावर रक्तातला प्राणवायू सरासरीनं चांगलाच वाढतो. १९७७ साली मेयो क्लिनिकच्या विल्यम डग्लस आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णांत असाच अनुभव नोंदवला. त्यांनी छातीखाली आणि कमरेखाली आधार दिला आणि पोट मोकळं ठेवलं.

आता वाटेल की ही बातमी वाऱ्यासारखी पसरली असेल. तसं काही झालं नाही. त्याचं एक कारण समजून घ्यायचं तर व्हेंटिलेटरवरच्या माणसाला पालथं कसं करतात ते पाहावं लागेल. एक जण डोक्याशी उभा राहतो. तोंडातली नळी सांभाळणं एवढंच त्याचं काम, कारण ती निसटली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. दोन्ही बाजूंना दोघं-दोघं किंवा तिघं-तिघं. डोळे मिटून त्यांच्यावर पट्टी लावायची. छातीवरच्या तारा काढून पाठीवर लावायच्या. मग चादरीच्या आधारानं माणसाला आधी खाटेच्या एका कडेला सरकवायचं, एका कुशीवर आणायचं आणि सगळ्यांनी एकाच इशाऱ्यावर पालथं करायचं. तेवढ्यावर भागत नाही. दर थोड्या वेळानं मान एका बाजूची दुसऱ्या बाजूला करायची, हात बदलायचे, नाहीतर गालावर, हनुवटीवर, छातीवर दाबाच्या जखमा होतात. चेहरा सुजतो. इतकं करून रुग्ण गेलाच, तर घरच्यांना तो सुजलेला चेहरा दाखवायचा. कुठलंही रुग्णालय विचार करील की एवढा उपद्व्याप कशासाठी?

दुसरं कारण असं की पालथं केल्यानं प्राणवायू का वाढतो, हेच कुणाला नीट सांगता येत नव्हतं. इथं इटलीतल्या मिलान शहरातले लुचियानो गॅटिनोनी या गोष्टीत येतात. १९८० च्या दशकात सीटी स्कॅन हे नवं साधन हाताशी आलं होतं. तोपर्यंत साध्या एक्स-रेमध्ये एआरडीएसची फुप्फुसं सगळीकडून सारखीच पांढरी दिसत. गॅटिनोनी यांनी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे स्कॅन काढले, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. पाठीकडचा भाग घट्ट, हवा नसलेला. छातीकडचा भाग मोकळा, जवळजवळ निरोगी. मोठ्या माणसाच्या छातीत लहान मुलाएवढंच फुप्फुस काम करत होतं. त्याला ते बाळफुप्फुस म्हणू लागले.

मग त्यांनी असा हिशेब केला की चांगलं फुप्फुस वर आहे आणि रक्त वजनामुळं खाली जातं. माणसाला पालथं केलं तर चांगला भाग खाली येईल, तिथं रक्तही जाईल आणि काम सुधारेल. करून पाहिलं आणि प्राणवायू वाढला. हिशेब बरोबर होता असं वाटलं. पण पालथ्या स्थितीतच पुन्हा स्कॅन काढले, तेव्हा सगळे चकित झाले. घट्ट भाग पाठीकडून नाहीसा होऊन छातीकडं आला होता, आणि पाठीकडचा मिटलेला भाग उघडला होता. म्हणजे चांगलं फुप्फुस आणि वाईट फुप्फुस अशी वाटणी मुळात नव्हतीच. संपूर्ण फुप्फुस ओल्या स्पंजसारखं जड झालेलं असतं आणि आपल्याच ओझ्याखाली त्याचा खालचा भाग दबतो. हे काम १९९१ साली प्रसिद्ध झालं. उपाय खरा निघाला आणि त्याचं दिलेलं कारण खोटं निघालं. शास्त्रात असं घडतं, आणि घडलं की ते उघडपणे सांगावं लागतं. गॅटिनोनी यांनी ते सांगितलं.

तुम्ही विचाराल, मग ओझं एका बाजूचं दुसऱ्या बाजूला गेलं, त्यात मिळवलं काय? याचं उत्तर छातीच्या घडणीत आहे. फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडं असतो. माणूस उताणा असला की हृदयाचं वजन त्याच्यावर आणि पोटाचा दाब श्वासपटलाच्या पाठीकडच्या भागावर येतो. पालथं केलं की हृदय छातीच्या हाडावर टेकतं आणि पाठीकडचे पुष्कळ वायुकोश मोकळे होतात. दबतात ते पुढचे थोडे. रक्ताचा ओघ मात्र पालथं केल्यावरही पाठीकडंच बराचसा राहतो. म्हणजे जिथं रक्त आहे तिथं हवा पोचते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की हवा सगळीकडं सारखी वाटली जाते, थोड्याच फुग्यांवर सगळा ताण येत नाही.

हा ताणाचा मुद्दा २००० साली ठळक झाला. अमेरिकेत ८६१ रुग्णांची एक मोठी चाचणी झाली. एका गटाला यंत्रानं दर श्वासाला किलोमागं १२ मिलिलिटर हवा, ही तेव्हाची रीत. दुसऱ्याला फक्त ६ मिलिलिटर. कमी हवा मिळालेल्या गटात मृत्यूचं प्रमाण ३१ टक्के, जास्त हवेच्या गटात जवळपास ४० टक्के. जीव वाचवणारं यंत्र जोरानं चालवलं तर तेच फुप्फुस फाडत होतं. गंमत म्हणजे, पहिल्या काही दिवसांत कमी हवेच्या गटाचा प्राणवायूचा आकडा दुसऱ्या गटापेक्षा वाईट होता. आकडा वाईट, पण माणसं जास्त वाचली. पडद्यावरचा आकडा वाढणं आणि माणूस जगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथं कळून चुकलं.

मग पालथं करण्यालाही तोच प्रश्न लागू होतो. प्राणवायू वाढतो हे ठीक, पण माणूस वाचतो का? त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखी रुग्णांची दोन गटांत वाटणी करून, एका गटाला पालथं करून आणि दुसऱ्याला उताणं ठेवून पाहावं लागतं. गॅटिनोनी यांनी इटलीत ते केलं. ३०४ रुग्ण, पालथं ठेवायचं रोज सरासरी सात तास, दहा दिवसांपर्यंत. २००१ साली निकाल आला. प्राणवायू वाढला होता, पण सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांतल्या मृत्यूंत फरक नव्हता. पालथ्या गटात ६२.५ टक्के, उताण्या गटात ५८.६ टक्के. २००४ साली फ्रान्समध्ये क्लॉद गेरँ यांनी ७९१ रुग्णांवर तेच पाहिलं, दिवसाला आठ तास. पुन्हा फरक नाही. उलट दाबाच्या जखमा जास्त.

इतक्यावर एखाद्यानं हा नाद सोडला असता तर त्याला दोष देता आला नसता. पण या मंडळींनी आपल्याच अपयशाची कागदपत्रं पुन्हा काढून वाचली. सात-आठ तास पालथं ठेवून उरलेले सोळा तास उताणं ठेवलं, तर फुप्फुसाला विसावा मिळाला कितीसा? सौम्य आजार आणि अतिगंभीर आजार एकाच गटात घातले, तर ज्यांना खरा फायदा झाला ते गर्दीत हरवले नसतील का? २००६ साली स्पेनच्या माँसेबो यांच्या चाचणीत रुग्णांना दिवसाला सतरा तासांच्या आसपास पालथं ठेवलं गेलं. मृत्यू ४३ टक्के, उताण्या गटात ५८ टक्के. आशा वाटावी असा फरक, पण रुग्ण अवघे १३६, त्यामुळं तो योगायोगही असू शकत होता. २००९ साली इटली आणि स्पेनमधल्या ३४२ रुग्णांच्या चाचणीत पुन्हा ठोस फरक दिसला नाही. २०१० साली जुन्या चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा ज्यांचा आजार अत्यंत गंभीर होता त्यांना फायदा होतो, असं दिसू लागलं.

मग गेरँ यांनी पुन्हा एकदा कंबर कसली. २००४ साली ज्यांच्या हाती नकार आला होता तेच हे गेरँ. या वेळी रुग्ण निवडले ते फक्त गंभीर. किमान ६० टक्के ऑक्सिजन देऊनही ज्यांच्या रक्तात तो पुरेसा उतरत नव्हता असे. आपण एरवी घेतो त्या हवेत तो २१ टक्के असतो, यावरून कल्पना यावी. सुरुवात लवकर करायची, एका वेळी निदान सोळा तास पालथं ठेवायचं, दोन्ही गटांना यंत्राची हवा कमीच द्यायची. आणि भाग घेणारे सगळे अतिदक्षता विभाग असे, की जिथल्या माणसांना या कामाचा पाच वर्षांहून अधिक सराव. फ्रान्समधले २६ आणि स्पेनमधला एक विभाग, ४६६ रुग्ण.

२०१३ साली निकाल जाहीर झाला. २८ दिवसांत उताण्या गटात ३२.८ टक्के रुग्ण दगावले, पालथ्या गटात १६ टक्के. निम्मे. ९० दिवसांनंतरही फरक टिकला. ४१ टक्के आणि २३.६ टक्के. साध्या भाषेत सांगायचं तर दर सहा गंभीर रुग्णांना पालथं केलं की एक जीव जास्तीचा वाचत होता. अतिदक्षता विभागात एवढं यश देणारे उपचार फार थोडे आहेत. आधीच्या चाचण्या वाया गेल्या असं मात्र म्हणता येणार नाही. कुणाला, केव्हा आणि किती वेळ पालथं करायचं, हे त्यांच्याच नकारातून कळलं.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण २०१४ साली पन्नास देशांतल्या अतिदक्षता विभागांची पाहणी झाली. तीत असं दिसलं की गंभीर एआरडीएसच्या रुग्णांपैकी जेमतेम १६ टक्के रुग्णांना पालथं केलं जात होतं. पुरावा हातात येऊनही सहांतल्या पाचांना त्याचा लाभ नव्हता. असं का व्हावं? मला त्याचं कारण असं दिसतं. नवं औषध निघालं की ते विकणारी कंपनी असते, तिची माणसं डॉक्टरांच्या दारात उभी असतात. नवं यंत्र आलं की त्याचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. माणसाला पालथं करण्याच्या कृतीचं उद्घाटन कुणी करत नाही. ती विकता येत नाही. तिला लागतात ते पाच-सहा जणांचे शिकलेले हात, आणि ते रोज, दोन वेळा, प्रत्येक रुग्णामागं. खर्चाच्या वहीत सर्वांत आधी कात्री लागते ती याच हातांना.

२०२० साली कोरोना आला आणि चित्र पालटलं. इटलीतल्या चोवीस रुग्णालयांतल्या व्हेंटिलेटरवरच्या हजाराहून अधिक कोरोना रुग्णांची नोंद पाहिली तर त्यांतल्या ६१ टक्क्यांना पालथं केलं गेलं होतं. अनेक देशांतल्या रुग्णालयांनी फक्त या कामासाठी पथकं उभी केली. शस्त्रक्रिया बंद असल्यानं मोकळे झालेले अस्थितज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, नर्स, विद्यार्थी, असे जे हाताशी होते ते त्यात आले. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांची आठवण व्हावी असंच ते दृश्य.

याच काळात दुसरा विचार पुढं आला. जो रुग्ण अजून शुद्धीवर आहे, व्हेंटिलेटरपर्यंत पोचलेला नाही, त्यानं स्वतःच पालथं झोपलं तर? आपल्याकडं एप्रिल २०२१ मध्ये जे सांगितलं गेलं ते हेच. त्याच वर्षी सहा देशांतल्या सुमारे ११०० रुग्णांच्या चाचण्यांचा एकत्रित निकाल आला. हे रुग्णालयात दाखल असलेले, नाकावाटे जोराच्या प्रवाहानं ऑक्सिजन घेणारे रुग्ण होते. २८ दिवसांत व्हेंटिलेटर लागला किंवा मृत्यू आला असं पालथं झोपणाऱ्यांत ४० टक्क्यांच्या बाबतीत झालं, इतरांत ४६ टक्क्यांच्या. फायदा झाला तो मुख्यतः व्हेंटिलेटर टळण्याचा. मृत्यू कमी झाले असं त्यातून ठामपणे म्हणता येत नाही. म्हणून दोन गोष्टींची गल्लत करू नये. व्हेंटिलेटरवरच्या गंभीर रुग्णाला पालथं करणं हा जीव वाचवणारा, सिद्ध झालेला उपचार आहे. घरी पालथं झोपणं ही मदत आहे, डॉक्टरांची जागा ती घेऊ शकत नाही. गरोदर बाई, हृदयाचा मोठा आजार, कणा किंवा मांडीचं हाड मोडलेलं असेल तर ते करू नये, असं त्या सरकारी पत्रकातही म्हटलं होतं. आणि तान्ह्या बाळाला झोपवताना उताणंच झोपवावं. १९९० च्या दशकात ब्रिटन-अमेरिकेत तसा प्रचार झाला, तेव्हा झोपेत अचानक दगावणाऱ्या अर्भकांची संख्या खूप खाली आली. एकच कूस सगळ्यांना मानवत नाही.

श्रोतेहो, या चाळीस वर्षांकडं पाहताना मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, धीर. चांगली वाटलेली कल्पना खरी आहे का हे तपासायला या डॉक्टरांनी स्वतःच्या नावावर नकार छापून घेतले. आकडा वाढला म्हणून ढोल वाजवले नाहीत, आणि निकाल विरुद्ध गेला म्हणून पाठही फिरवली नाही. आपल्याकडं एखाद्या काढ्याचा दोघा-चौघांना गुण आला की तो रामबाण ठरतो. तिथं हा धीर आठवावा.

दुसरी गोष्ट माणसांची. महामारीच्या काळात आपल्या देशात व्हेंटिलेटर आले, पण ते चालवायला माणसं नाहीत म्हणून खोक्यांतच पडून राहिले, अशा बातम्या आपण वाचल्या. जिल्ह्याच्या रुग्णालयासाठी यंत्र मागणं सोपं आहे; मागावंही. पण त्याच अर्जात पुढचं वाक्य लिहायला हवं. रात्री दोन वाजता त्या यंत्रावरच्या माणसाची कूस बदलायची वेळ आली, तर डोक्याशी नळी धरायला एक आणि बाजूंना उभे राहायला चार-पाच जण तिथं आहेत का? त्यांना ते शिकवलं आहे का? त्यांचा पगार वेळेवर होतो का? तुमच्या-माझ्या घरातलं कुणी उद्या त्या खाटेवर असेल, तर त्याचं जगणं या प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून राहील.